लवंग, अफू आणि दुधाची दाढ

परवाची गोष्ट. आमच्या सहा वर्षांच्या नातवाच्या दुधाच्या दाढेचे काम सकाळी फोंड्याला झाले. दाढेतली नस काढून मसाला भरला. पोर शहाण्यासारखे बसले, डॉक्टरीणबाईंनी शाबासकी म्हणून एक स्टिकरही दिला. घरी येईपर्यंत तो ऐटीत होता. दुपारी दोनच्या सुमारास बधिरपणा उतरला आणि त्याने जो सूर लावला तो वाड्यावरच्या शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला असणार.

मग घरात सुरू झाली ती वैद्यपरिषद. थोरली काकी लवंग कुटायला बसली. शेजारचे भाऊ फेणीत बुडवलेला कापूस दाढेवर धरायला सांगू लागले. (भाऊंना कुठल्याही दुखण्यावर फेणीच आठवते, ते सोडून देऊ.) कुणीतरी कपाटातली मोठ्या माणसांची डोकेदुखीची गोळी अर्धी करून द्या म्हणाले. आणि एक पाहुणे, वयाने मोठे म्हणून त्यांना काही बोलता येईना, ते म्हणाले, 'काही दुखत वगैरे नाही हो, लाड आहेत. दुधाच्या दाताला कसली आलीय दुखी?'

सूनबाईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, त्यांनी सांगितलेले औषध वजनाप्रमाणे मोजून दिले आणि पाऊण तासात मुलगा कार्टून बघायला बसला. प्रकरण संपले. पण ते शेवटचे वाक्य माझ्या कानात राहिले. कारण हेच वाक्य मी स्वतः सात वर्षांचा असताना दवाखान्याच्या खुर्चीत ऐकले होते. कोणता दवाखाना, कोणते डॉक्टर, ते सांगत नाही, बिचारे आता हयातही नाहीत. एकाने माझे हात धरले होते, एकाने तोंडावर तळहात दाबला होता, आणि तिसरा म्हणत होता, 'दुखत नाही, दुखत नाही.' त्यानंतर तीस वर्षे मी दातांच्या डॉक्टरांच्या पाटीखालून गेलो नाही. त्याची किंमत म्हणून आज माझ्या तोंडात अर्धी कवळी आहे.

त्या संध्याकाळच्या प्रत्येक सल्ल्याला मोठा इतिहास आहे. म्हटले, तो एकदा सगळा लिहून काढावा.

काकीच्या लवंगेपासून सुरुवात करू. लवंग ही आपल्या स्वयंपाकघरातली वाटते, पण ती मुळात मोलुक्का बेटांतली. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीज तिथे पोचले आणि ती बेटे नि गोवा एकाच व्यापाराच्या दोरीत ओवले गेले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या ग्रंथात लवंगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. त्याच ग्रंथात अफूवरही एक आहे. पणजीतल्या ज्या बागेत आपण संध्याकाळी बाकड्यावर बसतो तिला याच वैद्याचे नाव आहे. लवंग आणि अफू, मुलांच्या दातदुखीचा पुढच्या तीन शतकांचा अर्धा इतिहास या दोन वस्तूंत मावतो.

लवंगेच्या तेलात युजेनॉल नावाचे द्रव्य असते, ते मज्जातंतू बधिर करते. म्हणजे काकी चुकत नव्हती. एकोणिसाव्या शतकात दंतवैद्यांनी याच तेलात झिंक ऑक्साइड कालवून मलम केले, आणि दातांच्या दवाखान्यात शिरताच जो ओळखीचा वास येतो तो त्याचाच. दुधाच्या दाढेतली नस काढल्यावर भरायला झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे हे मिश्रण कित्येक वर्षे वापरात आहे. मात्र शुद्ध लवंगतेल ही गोष्ट वेगळी. ते हिरडीला भाजते, आणि लहान मुलाने थोडे जरी गिळले तरी यकृताला इजा होऊ शकते. कुटलेली लवंग मोठ्या माणसाने दाढेखाली धरणे आणि बाटलीतले तेल सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडात सोडणे यांत फार अंतर आहे.

लवंगेच्याही आधीची समजूत म्हणजे दातात किडा असतो ही. आपण अजून 'दात किडला' म्हणतो. सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' असा रोगच सांगितला आहे, आणि बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवरही दातातल्या किड्याची कथा आहे. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडणारे लोक असत, युरोपात त्याच कामाला खुरासानी ओव्याच्या बिया वापरत. तापल्यावर बी फुटते आणि आतला वळलेला अंकुर बाहेर पडतो, तो दिसायला थेट पांढऱ्या अळीसारखा. बघणाऱ्याची खात्री पटते, 'पाहा, किडा पडला!' फ्रान्सच्या पिएर फोशार याने १७२८ साली दंतवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. त्याने आपण असे किडे पाहिले नाहीत म्हणून या समजुतीवर शंका घेतली. समजूत मात्र त्याच्यानंतरही दोनशे वर्षे टिकली.

त्या काळी मुलाचा दात काढायचा तो न्हावी, लोहार किंवा जत्रेत फिरणारा दातकाढ्या. आधीही काही देत नसत आणि नंतरही. फार तर दारूचा बोळा. आमच्याकडचे ख्रिस्ती शेजारी सांत अपोलोनियाला नवस बोलत. इसवी सन २४९च्या सुमारास अलेक्झांड्रियात छळ करताना या बाईचे दात पाडले गेले, म्हणून ती दातदुखीची संत झाली. ९ फेब्रुवारीला तिचा सण असतो. चित्रांत तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दात दाखवतात.

पण खरी भयकथा सुरू होते ती औषधे मिळू लागल्यावर. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली, बाया गिरण्यांत जाऊ लागल्या, आणि रडणारे मूल ही रोजच्या पोटापाण्यातली अडचण झाली. अमेरिकेत १८४९ साली 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' नावाची बाटली बाजारात आली. दात येताना रडणाऱ्या मुलांसाठी. जाहिरातीत गोंडस बाळे आणि हसरी आई. बाटलीत काय? मॉर्फिन आणि दारू. मूल शांत व्हायचे हे खरे. काही मुले कायमची शांत झाली. इंग्लंडात हेच काम 'गॉडफ्रेज कॉर्डियल' करीत असे, त्यात सरळ अफू. गंमत म्हणजे एडवर्ड एल्गार या पुढे नामांकित झालेल्या इंग्रज संगीतकाराने १८७८ साली आपल्या एका छोट्या वाद्यरचनेला या विन्स्लोबाईंच्या सिरपचे नाव दिले होते, इतके ते घराघरांत होते. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि बाटलीवर आत काय आहे ते छापणे भाग पडले. १९११ साली तिथल्या वैद्यकसंघटनेने हे सिरप 'बाळे मारणाऱ्या' औषधांच्या यादीत घातले. तरी ते पुढे कित्येक वर्षे दुकानांतून हलले नाही.

हे वाचून 'ते तिकडचे' म्हणू नये. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात, हे १९२०च्या दशकातल्या सरकारी अहवालांत नोंदलेले आहे. त्या गिरण्यांत आमच्या कोकणातल्या, सावंतवाडीकडच्या किती घरांतली माणसे होती ते वेगळे सांगायला नको. त्या बायांना दोष देण्यात अर्थ नाही. दहा तासांची पाळी आणि मूल सांभाळायला कुणी नाही, अशा घरात ती गोळी आली.

अफूने निदान दुखणे तरी थांबत होते. दात येण्याच्या पावडरी नावाचा जो प्रकार इंग्लंडात आणि त्याच्या वसाहतींत विकला जायचा त्यात कॅलोमेल, म्हणजे पारा असे. ही पावडर चाटवलेली काही मुले चिडचिडी होत, हातपाय गुलाबी पडून सोलत, उजेड सहन होत नसे. डॉक्टरांनी त्याला 'पिंक डिसीज' नाव दिले आणि कुणी संसर्गात तर कुणी जीवनसत्त्वांच्या अभावात कारण शोधत बसले. १९४८ साली अमेरिकेत वारकनी आणि हबर्ड या दोघांनी पाऱ्याकडे बोट दाखवले. १९५४ साली ब्रिटनमधल्या उत्पादकांनी पावडरींतला पारा काढला आणि काही वर्षांत तो रोगच दिसेनासा झाला. दुखण्यावरचे औषधच रोग होते.

आता भुलीची कथा, ती तर दंतवैद्यांचीच. १० डिसेंबर १८४४ला अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी हसवणाऱ्या वायूचा, म्हणजे नायट्रस ऑक्साइडचा, तिकीट लावून खेळ होता. वायू हुंगलेल्या एका तरुणाचा पाय नाचताना बाकावर आपटून रक्त आले, पण त्याला पत्ताच नव्हता. ते होरेस वेल्स या दंतवैद्याने पाहिले. दुसऱ्या दिवशी वेल्सने स्वतः वायू हुंगून आपलीच दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. दुखले नाही. पुढच्या महिन्यात बॉस्टनला प्रात्यक्षिक केले तेव्हा रोगी ओरडला आणि वेल्सची छीथू झाली. १८४६ साली त्याचाच जुना भागीदार मॉर्टन याने ईथरने बाजी मारली. वेल्स पुढे क्लोरोफॉर्मच्या नादी लागला आणि जानेवारी १८४८मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने जीव दिला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी, पायाच्या नखासारख्या क्षुल्लक कामासाठी क्लोरोफॉर्म दिल्यावर, दोन-तीन मिनिटांत गेली. क्लोरोफॉर्मचा तो पहिला नोंदलेला बळी.

तरी क्लोरोफॉर्म वापरातून गेला नाही. स्वस्त होता, वास गोड होता, मुले विरोध करीत नसत. दात काढायला खुर्चीवरच तो देत. आणि इथे आपल्या हैदराबादचा संबंध येतो. तिथल्या वैद्यकशाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की क्लोरोफॉर्म हृदयाला काही करत नाही, फक्त श्वासावर नजर ठेवा. निजामाने पैसे दिले आणि १८८८ व १८८९ साली दोन 'हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशने' बसली, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि लॉरींच्या म्हणण्यावर शिक्कामोर्तब झाले. १९११ साली लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवले की हलक्या भुलीत, घाबरलेल्या रोग्याचे हृदय क्लोरोफॉर्मने अचानक बंद पडू शकते. हलकी भूल आणि घाबरलेला रोगी, म्हणजे दाताच्या खुर्चीत बसवलेले मूलच की. इतका पैसा, इतकी मेहनत, आणि उत्तर चूक. दवाखान्याच्या खुर्चीत पूर्ण भूल देण्याची पद्धत तर ब्रिटनमध्ये अगदी २००१ सालच्या अखेरीपर्यंत चालली. काही मुलांचे मृत्यू झाल्यावर ती फक्त इस्पितळापुरती ठेवली गेली.

पूर्ण बेशुद्ध न करता तेवढाच भाग बधिर करण्याची युक्ती १८८४ साली सापडली. व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर केला. लगेच अमेरिकेत हॉलस्टेड या शल्यविशारदाने खालच्या जबड्याची नस कोकेनच्या सुईने बधिर करून दाखवली. आज नातवाला जी सुई दिली ती त्याच जागची. हॉलस्टेड मात्र स्वतःवर प्रयोग करता करता कोकेनचा गुलाम झाला. आणि १८८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी गावच्या एका कंपनीने दातदुखीवर 'कोकेन टूथेक ड्रॉप्स' काढले. पंधरा सेंट किंमत. जाहिरातीच्या चित्रात दोन मुले अंगणात लाकडांचे घर बांधताहेत. ते चित्र मी पुस्तकात पाहिले आहे, इतके निरागस की अंगावर काटा येतो.

पुढे जर्मनीत आइनहॉर्नने प्रोकेन काढले, ते १९०५पासून नोव्होकेन नावाने घरोघरी माहीत झाले, इतके की आपल्याकडचे जुने लोक अजूनही बधिर करण्याच्या कुठल्याही सुईला तेच नाव देतात. १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लोफग्रेनने लिडोकेन तयार केले, त्याचा तरुण सहकारी लुंडक्विस्ट याने ते स्वतःला टोचून पाहिले. १९४८ला ते बाजारात आले. आपल्या दवाखान्यांत आजही मुख्यतः तेच, लिग्नोकेन म्हणून.

इथपर्यंत 'काम करताना दुखू नये' हा प्रश्न बराचसा सुटला. पण घरी गेल्यावर काय? बधिरपणा ओठात-जिभेत दोन-तीन तास राहतो, मग उतरतो, आणि दुखणे तेव्हा सुरू होते. डॉक्टर तेव्हा समोर नसतो, आई असते. या दुसऱ्या अर्ध्या दिवसाचा इतिहास कुणी फारसा लिहीत नाही, कारण त्यात चमत्कार करणारा नायक नाही. त्यात आहेत त्या साध्या गोळ्या.

ॲस्पिरिन १८९९ला बायर कंपनीने आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मुलांसाठी नारिंगी चवीची छोटी ॲस्पिरिन निघाली. चव इतकी छान की मुले गोळ्यांची बाटली फस्त करून इस्पितळात पोचू लागली. मुलांना उघडता न येणारे बाटलीचे झाकण १९६७ साली कॅनडात एका डॉक्टराने पुढे आणले ते याच भानगडीतून. १९६३ साली ऑस्ट्रेलियात डग्लस राय या विकृतितज्ज्ञाने एक विचित्र आजार नोंदला. साधा ताप किंवा कांजिण्या बऱ्या होत आलेले मूल अचानक उलट्या करते, बरळते, बेशुद्ध होते. यकृतात चरबी साचलेली, मेंदू सुजलेला. १९८०च्या सुमारास आकडे जुळू लागले. यातल्या बहुतेक मुलांना आजारपणात ॲस्पिरिन दिलेली होती. अमेरिकेत एका वर्षात ५५५ मुले नोंदली गेली होती. १९८६ला तिथे बाटलीवर इशारा छापणे सक्तीचे झाले, त्याच वर्षी ब्रिटनने बारा वर्षांखालच्यांसाठी ॲस्पिरिन बंद केली. १९८७नंतर अमेरिकेत वर्षाला ३६पेक्षा जास्त मुले नोंदली गेली नाहीत. इतका साधा उपाय, गोळी न देणे.

म्हणून त्या संध्याकाळी 'मोठ्यांची गोळी अर्धी करा' हा सल्ला ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कपाटातल्या कितीतरी डोकेदुखीच्या गोळ्यांत ॲस्पिरिन असते, आणि पाकिटावर ते डोळे फाडून वाचावे लागते.

पॅरासिटामॉल खरे तर ॲस्पिरिनहून जुने. १८९३ साली जर्मनीत फॉन मेरिंगने ते माणसांवर वापरून पाहिले आणि विषारी समजून बाजूला टाकले. पन्नास वर्षे ते तसेच पडून राहिले. १९४८ला अमेरिकेत ब्रॉडी आणि ॲक्सलरॉड यांनी त्याला निर्दोष ठरवले, आणि १९५५ला ते पहिल्यांदा बाजारात आले ते मुलांचे सरबत म्हणूनच, आगीच्या बंबासारख्या लाल खोक्यात. आयब्युप्रोफेन इंग्लंडच्या बूट्स कंपनीतल्या स्टुअर्ट ॲडम्सचे. त्याने मॉस्कोच्या परिषदेत भाषणापूर्वी, आदल्या रात्रीच्या व्होडकाने डोके चढले होते म्हणून, आपलेच औषध घेतले आणि गुण आला, असे तो स्वतः सांगत असे. १९६९ला ते औषध ब्रिटनमध्ये आले. आपण ते ब्रुफेन म्हणून ओळखतो.

निमेसुलाइड तर आपल्याच घरातली गोष्ट. त्याची गुलाबी-पिवळी सिरपे आपल्याकडे तापावर, दातावर सर्रास दिली जात. यकृताच्या तक्रारींवरून २००२ साली फिनलंड आणि स्पेनने ते औषधच थांबवले. आपल्याकडे डॉक्टर-डॉक्टरांत वर्षानुवर्षे वाद झडला, आणि शेवटी २०११ला भारत सरकारने बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी घातली. तसेच कोडीनचे. ते शरीरात मॉर्फिन होऊन काम करते. काही मुलांच्या शरीरात हे रूपांतर फार वेगाने होते आणि श्वास मंदावतो. युरोपने २०१३ला मर्यादा घातल्या, अमेरिकेने २०१७ला बारा वर्षांखाली ते वर्ज्यच ठरवले. शंभर वर्षांनी पुन्हा विन्स्लोबाईंचीच बाटली म्हणायची.

पण या सगळ्यांपेक्षा मला अस्वस्थ करते ती आमच्या पाहुण्यांची समजूत, मुलाला दुखतच नाही ही. ती अडाण्यांची नव्हती, मोठमोठ्या डॉक्टरांची होती. नवजात बाळांची मज्जासंस्था कच्ची असते, त्यांना वेदना कळत नाहीत किंवा आठवत नाहीत, या भरवशावर १९८०च्या दशकातही अगदी लहान बाळांच्या शस्त्रक्रिया जवळजवळ भुलीविना, फक्त हालचाल थांबवणारे औषध देऊन होत. अमेरिकेत एका आईला आपल्या बाळाबाबत हे १९८५ साली, बाळ गेल्यावर कळले, आणि तिने ते वर्तमानपत्रांपर्यंत नेले. १९८७ला ऑक्सफर्डहून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना नीट वेदनाशामक दिले त्यांच्या शरीरावरचा ताण कमी राहिला, त्रासही कमी झाला. तो करणारा तरुण डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद, शिकलेला कुठला? इंदूरच्या महात्मा गांधी मेडिकल कॉलेजातला. आपल्या इंदूरच्या वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

दाताच्या खुर्चीतही तसेच. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर हात दाबून त्याला गप्प करण्याची रीत १९२०च्या दशकातल्या अमेरिकन पुस्तकांत लिहून ठेवलेली आहे, नावासकट. ती लिहिणाऱ्या बाई इव्हँजेलिन जॉर्डन या केवळ मुलांचे दात बघणाऱ्या पहिल्या दंतवैद्यांपैकी, म्हणजे मुलांच्या वैरीण नव्हेत. अमेरिकेच्या बालदंतवैद्यांच्या संस्थेने ही रीत आपल्या मार्गदर्शिकेतून काढली ती २००६ साली. म्हणजे माझ्या तोंडावर तो तळहात पडला तेव्हा ते डॉक्टर पुस्तकाप्रमाणेच वागत होते. हे कळल्यावर माझा राग थोडा ओसरला, सगळा नाही.

उलट बाजूने, मुलाला विचारायचे कसे याची युक्ती १९८०च्या दशकात ओक्लाहोमातल्या एका इस्पितळात निघाली. डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी भाजलेल्या मुलांनाच चेहरे काढायला लावले. त्यातून सहा चेहऱ्यांची पट्टी झाली, पहिला हसरा, शेवटचा रडका. मूल बोटाने दाखवते. आमच्या डॉक्टरीणबाईंच्या भिंतीवर ती आहे, नातवाने चौथ्यावर बोट ठेवले होते.

आपल्याकडे दंतशिक्षणच उशिरा आले. कोलकात्यात रफीउद्दीन अहमद यांचे कॉलेज १९२०चे, मुंबईत नायरचे १९३३चे. पणजीची वैद्यकशाळा १८४२ची असली तरी गोव्याचे दंत महाविद्यालय १९८०ला निघाले. मुलांच्या दातांची भारतीय संस्था १९७९ची. तेव्हा आमच्या पिढीला जे मिळाले नाही त्याबद्दल कुणा एकाला धरण्यात अर्थ नाही.

आता जे त्या संध्याकाळी झाले ते सांगतो, कारण चार आयांनी विचारले. अमेरिकन दंत संघटनेने २०२३ला मुलांच्या दातदुखीसाठी मार्गदर्शिका काढली. दात काढल्यावर किंवा दात ठणकत असताना आयब्युप्रोफेनसारखे औषध, पॅरासिटामॉल, किंवा दोन्ही मिळून, एवढेच पुरते, अफूच्या जातीचे काही नको. डॉक्टरीणबाईंनी पहिला डोस बधिरपणा उतरायच्या आधीच द्यायला सांगितला होता. आम्ही विसरलो, म्हणून तो सूर. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. आयब्युप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम, काही खाल्ल्यावर, सहा ते आठ तासांनी, दिवसात तीनदा. पावसाळ्यात मुलाला ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयब्युप्रोफेन नको, हे गोव्यात विशेष सांगायला हवे. दमा, मूत्रपिंडाचा विकार असेल तरी आधी विचारावे.

आणि चमचा. खरा घोटाळा इथे होतो. आपल्याकडे पॅरासिटामॉलचे एक सिरप पाच मिलीत १२० मिलिग्रॅमचे, दुसरे २५०चे, आणि तान्ह्यांचे थेंब एका मिलीत १००चे. आमच्या नातवाचे वजन २० किलो, म्हणजे त्याला हवे ३००. पहिल्या बाटलीतून साडेबारा मिली, दुसरीतून सहा, थेंबांतून तीन. कुणी पहिल्या बाटलीचे माप धरून थेंबांची बाटली ओतली तर चौपट औषध जाईल. सर्दीच्या सिरपातही बहुधा पॅरासिटामॉल असते, ते वेगळेच. म्हणून सूनबाईने फार्मसीतून सुईविना सिरिंज आणली, स्वयंपाकघरातला चमचा नव्हे.

बधिरपणा असताना मुले ओठ, गाल चावतात, गंमत वाटते त्यांना, आणि दुसऱ्या दिवशी ओठ सुजून भलतेच दुखणे होते. तोवर जेवण नको, गरम पेज तर नकोच, आणि नजर ठेवावी. गार दही-भात चालतो. दोन-तीन दिवसांत दुखणे उतरायला हवे. वाढत गेले, गाल सुजला, ताप आला, गिळता येईना, तर घरगुती काही करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

रात्री साडेआठला दुसरा डोस झाला. नातवाने झोपताना मला विचारले, 'आबा, तुमची दाढ काढली तेव्हा तुम्हांला काय दिलेलं?' मी म्हटले, 'काही नाही.' तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, 'मग कितव्या तोंडाएवढं दुखलं?' मी मोजून सांगितले, सहाव्या. काकीने कुटलेली लवंग सकाळी चहात पडली.